मिळतं बरंच, पण वापरता येतं का?

मागच्या अंकात विचारलं होतं की पगार सोडून ऑफिसातून जे काही मिळतं, म्हणजे रजा, इन्शुरन्स, फंड, जिम वगैरे, त्याबद्दल खरं काय वाटतं ते लिहा, नाव छापणार नाही. पत्रं इतकी आली की दोन रविवार वाचतच बसले होते. मी स्वतः सोळा वर्षं एचआरमध्ये काढलीत, तरी काही पत्रं वाचून गप्प झाले, कारण हे कुणी मला तेव्हा तोंडावर कधी सांगितलंच नव्हतं. त्यातली पाच घेतलीयेत, आधी पत्र आणि त्याखाली माझं उत्तर.

ताई, मी एचआरमध्येच आहे. दोन वर्षांत आम्ही जिम मेंबरशिप, मेडिटेशनचं ॲप, दर महिन्याला हेल्थ टॉक, स्ट्रेसवर वर्कशॉप असं सगळं सुरू केलं, बजेटसाठी मी वरच्यांशी भांडले, आणि या वर्षीच्या सर्व्हेत समाधानाचा आकडा खाली गेला. लोकांना कदरच नाही का?

तुम्ही भांडून बजेट आणलंत आणि वर हा आकडा बघायला मिळाला, वाईट वाटणारच. पण कदर नाही असं मनात आणू नका, कारण एकदा ते मनात बसलं की पुढचा सर्व्हे आपण नीट वाचतच नाही.

फ्रेडरिक हर्झबर्ग नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी पिट्सबर्ग भागातल्या साधारण 200 इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं की कामावर कधी फार छान वाटलं आणि कधी फार वाईट वाटलं, आणि 1959 मध्ये ते छापलं. दोन्हीची कारणं वेगवेगळी निघाली. पगार, कंपनीचे नियम, साहेबाची वागणूक, कामाची जागा, हे बिघडलं की माणूस वैतागतो, पण ते नीट असलं म्हणून तो खूश होऊन नाचत नाही. खुशी येते ती काम जमलं, कुणी त्याची दखल घेतली, जबाबदारी मिळाली यातून. या मांडणीवर नंतर बरीच टीका झाली, पण माझ्या अनुभवात बेनिफिटच्या बाबतीत ती बऱ्यापैकी लागू पडते. म्हणजे तुमच्या ॲपमुळे कुणी खूश होईल ही अपेक्षाच मुळात जास्त आहे, आधी बघा की वैताग कशाचा आहे.

आणि ॲप-वर्कशॉपचा उपयोग होतो का, तर तेही बघून घ्या. अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीने आपल्याच जवळजवळ 5000 कर्मचाऱ्यांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून वेलनेस प्रोग्राम तपासला, 2019 मध्ये तो पेपर आला. पहिल्या वर्षानंतर दवाखान्याच्या खर्चात किंवा तब्येतीच्या सवयींमध्ये म्हणावा असा फरक दिसला नाही. प्रोग्राममध्ये येणारे लोक आधीपासूनच जास्त तंदुरुस्त होते, त्यामुळे नुसतं आलेल्यांकडे बघितलं की वाटतं वा, काय फायदा झाला. 2024 मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या 233 संस्थांमधल्या 46,000 हून जास्त कर्मचाऱ्यांची उत्तरं तपासली, तिथेही ॲप, स्ट्रेसचं ट्रेनिंग वगैरे घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा बरे आहेत असं दिसलं नाही, अपवाद फक्त समाजकामासाठी वेळ देण्याचा.

माझं मत विचाराल तर आठवड्याला साठ तास काम करणाऱ्या माणसाला दुपारी जेवणाच्या वेळेत स्ट्रेसच्या वर्कशॉपला बसवलं की त्याला तो अजून एक मीटिंग वाटतो. त्याला ऐकू येतं ते असं की ताण ही तुझी अडचण आहे, तू शीक. तुमच्या सर्व्हेतला आकडा कदाचित हेच सांगतोय.

मात्र आता घाईने काही काढून घेऊ नका. मी जिथे होते तिथे महिन्यातून एकदा शुक्रवारी लवकर सोडायचे, फक्त दोन तास, ते बंद केलं तर त्या वर्षीची पगारवाढही लोक विसरले आणि पुढची दोन वर्षं त्या दोन तासांचंच बोलत राहिले. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये हेच मांडलं होतं, मिळाल्याच्या आनंदापेक्षा गेल्याचं दुःख मोठं असतं. त्यामुळे आधी यादी लोकांपुढे ठेवा आणि विचारा की यातल्या कुठल्या दोन गोष्टी ठेवायच्या, आणि त्याच कागदावर एक रिकामी ओळ ठेवा, काय असतं तर तुम्ही वापरलं असतं. सगळं कामाचं त्या रिकाम्या ओळीत येतं.

कागदावर रजा भरपूर आहे. पण मागायला गेलं की मॅनेजर म्हणतात, आत्ताच? आणि सुट्टीवर असलो तरी फोन चालू. वर्षअखेर रजा वाया जाते. मग ही सोय म्हणायची की काय?

मला आलेल्या पत्रांमध्ये सगळ्यात जास्त हेच होतं, रजा. तेव्हा तुम्ही एकटे नाही आहात.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा पगारी रजेबद्दलचा 1970 चा करार आहे, 132 नंबरचा. ज्या देशांनी तो स्वीकारलाय तिथे वर्षाला किमान तीन आठवडे रजा, तुकडे करायचे असतील तर एक तुकडा सहसा सलग दोन आठवड्यांचा, आणि महत्त्वाचं म्हणजे ती किमान रजा पैसे घेऊन सोडून द्यायचा करार केला तर तो चालतच नाही. मला हे कलम फार आवडतं कारण लिहिणाऱ्यांना माहीत होतं की माणूस दबावाखाली स्वतःच म्हणेल, राहू दे साहेब, नको रजा.

आता तुमचं. रजा अडते त्याचं खरं कारण बहुतेक वेळा मॅनेजरचा स्वभाव नसतो, तुमचं काम दुसऱ्या कुणाला येत नाही हे असतं. म्हणून आधी एका सहकाऱ्याला तुमचं अर्धं काम दाखवून ठेवा आणि त्याचं तुम्ही शिका. मग दोन महिने आधी, तारखा घालून, कुठलं काम कोण बघणार ते लिहून मेल टाका, तोंडी नको. तोंडी मागितलं की उत्तरही तोंडी मिळतं आणि हवेत जातं. लेखी नकार द्यायला मॅनेजरलाही कारण लिहावं लागतं, आणि तसं तीनदा झालं तर एचआरकडे न्यायला तुमच्या हातात काहीतरी असतं. फोनचं सांगायचं तर, मेलमध्येच लिहा की रोज एका ठराविक वेळी फोन बघेन, किंवा अजिबात नाही. पहिल्यांदा अवघड जातं हो, मला माहितीये, पण जो माणूस पहिल्या दिवशी प्रत्येक फोन उचलतो त्याला दहाव्या दिवशीपण येतात.

हे सगळं बंद करा आणि पैसे हातात द्या असं आमच्या टीममधल्या सगळ्यांचं मत आहे. तुमचं?

अर्ध्या गोष्टींबद्दल तुमच्याशी सहमत. न जाणाऱ्यासाठी जिमची मेंबरशिप फुकट घालवण्यापेक्षा पैसे बरे.

पण इन्शुरन्स आणि फंड त्यात धरू नका. ग्रुप इन्शुरन्समध्ये तरुण-म्हातारे, आजारी-धडधाकट सगळे एकत्र असतात म्हणून धोका वाटला जातो, आणि जुना आजार असलेल्याला बाहेर एकट्याने पॉलिसी घ्यायला गेलं की जे ऐकून घ्यावं लागतं ते इथे सहसा लागत नाही. आज टीममधले सगळे ठणठणीत आहेत म्हणून सगळ्यांचं एकमत आहे.

आणि फंडाचं म्हणाल तर, पैसे हातात आले की आपण बाजूला टाकू असं प्रत्येकालाच वाटतं. 2001 मध्ये ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शी यांनी अमेरिकेतल्या एका कंपनीचा अभ्यास छापला, तिथे आधी फॉर्म भरला तर फंडात नाव लागायचं, नंतर उलटं केलं, नाव आपोआप लागणार, नको असेल त्याने सांगायचं. नव्या लोकांमधला सहभाग 49 टक्क्यांवरून 86 टक्क्यांवर गेला, पैसे तेच, कंपनी तीच. पण त्यातच अजून एक गोष्ट होती, आपोआप आलेले बरेचसे लोक कंपनीने ठरवलेल्या पगाराच्या 3 टक्क्यांवरच बसून राहिले. तेव्हा तुमचं नाव आपोआप लागलं असेल तर आज लॉगिन करून टक्का किती आहे तेवढा बघा.

मी अविवाहित आहे, मूलबाळ नाही. डेकेअर, पालकांसाठी रजा, शाळेची मदत, सगळं इतरांना. वर कडी अशी की त्यांच्या रजेतलं काम माझ्याकडे. बोललं तर मी वाईट.

वाईट अजिबात नाही. फक्त त्यांचं कमी करा असं म्हणू नका, तिथेच सगळं फिसकटतं. आजारी आईवडलांसाठी रजा, शिक्षणासाठी रजा, किंवा ठरावीक रकमेत ज्याने त्याने आपापलं निवडायचं अशी सोय मागा, काही कंपन्या असं देतात. आणि वाढीव कामाचा विषय वेगळा काढा, तो बेनिफिटचा नाहीच, तो माणसं कमी असण्याचा आहे.

समुपदेशनाची हेल्पलाइन आहे असं पोस्टर बाथरूमबाहेर लावलंय. मला खरंच गरज आहे. पण फोन केला तर साहेबांना कळेल का?

तुमचं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं कारण नीट उत्तर द्यायचं होतं. अशा हेल्पलाइन बहुतेक बाहेरची संस्था चालवते आणि कंपनीला एवढंच कळवलं जातं की या तिमाहीत इतके फोन आले. नाव जात नाही. जीवाला धोका आहे असं वाटलं तर मात्र समुपदेशक गुप्तता मोडू शकतात, हे ते सुरुवातीलाच सांगतात.

फोन लावल्यावर पहिलं वाक्य हेच विचारा, मी कॉल केल्याचं माझ्या कंपनीला काय काय कळेल? उत्तर गोलमोल आलं तर ठेवून द्या आणि ऑफिसशी संबंध नसलेला डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. ऑफिसच्या फोनवरून, ऑफिसच्या मेलवरून काही करू नका. पण थांबू नका, या आठवड्यातच करा, आणि जवळच्या एका माणसाला तरी आज सांगा.