दप्तर म्हणजे कातडे

बेळगावच्या जुन्या बाजारातून मोडीतील जमिनीच्या सनदा आणि सावकारी वह्या जमवणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, एका सुट्या सनदेला दप्तर म्हणता येईल काय, आणि शुद्ध रूप 'दप्तर' की 'दफ्तर'.

म्हणता येणार नाही. हल्ली खडेबाजारापासून शहापुरापर्यंत जो तो चार पिवळे कागद दाखवून 'माझ्याकडे चार दप्तरे आहेत' असे सांगतो, तेव्हा डोके उठते. एखाद्या कचेरीच्या किंवा घराण्याच्या कागदांचा, रुमालांत बांधून ठेवलेला सबंध साठा म्हणजे दप्तर; एका विटेला कोणी वाडा म्हणत नाही.

शब्द अरबी-फारसीतून आला, एवढे सांगून आपले लोक थांबतात आणि खरी गंमत घालवतात. मुळात तो ग्रीक 'डिफ्थेरा', म्हणजे कमावलेले कातडे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की आयोनियन ग्रीक पपायरसलाही, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदालाही, कातडेच म्हणत, कारण पूर्वी ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यांवर लिहीत असत. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाला ब्रेतोनो या फ्रेंच वैद्याने १८२६ साली जे नाव दिले, ज्याचे पुढे डिप्थेरिया झाले, तेही याच शब्दावरून; म्हणजे दप्तर आणि घटसर्प ही सख्खी भावंडे आहेत.

काही विद्वान दप्तराचे नाते प्राचीन फारसी 'दिपि'शी, म्हणजे आपल्या लिपीशी जोडतात. शाहबाजगढीच्या अशोकलेखात 'ध्रमदिपि', म्हणजे धर्मलिपी, आहे हे मलाही ठाऊक आहे, परंतु त्या 'दिपि'चा वारसा शिवकाळातील डबीरांकडे (मूळ अर्थ लेखनिक) जातो, दप्तराकडे नव्हे. ओढाताण करून दोघांना एका घरात कोंबण्याचे कारण नाही.

माझे म्हणणे असे की कागदपत्रांच्या नावांत लिहिण्याची वस्तू टिकून राहते. पत्र म्हणजे पान, पट म्हणजे कापड. आमच्याकडचा कन्नड कारकून फाईलला 'कडत' म्हणतो. ते कडत म्हणजे मुळात चिंचोक्यांची खळ आणि कोळसा माखलेले, घड्याघड्यांचे काळे कापड, ज्यावर व्यापारी शंखजिऱ्याच्या पेन्सिलीने हिशेब लिहीत आणि पाटीप्रमाणे पुसत. अशी वही हाती लागली, तर धूळ काढायला ओले फडके मात्र लावू नये.

राहिला प-फचा प्रश्न. मूळ उच्चार 'फ'चा, म्हणून पुण्यातले ते पेशवे दफ्तर. मराठी जिभेने त्याचा 'प' केला आणि तोही रूढ आहे, तेव्हा दोन्ही चालतील.