गाळायची भीती

“मॅडम, हिला सगळं पाठ आहे हो. घरी विचारलं की धडाधड सांगते. मग पाचपैकी दोनच मार्क कसे?”

हा प्रश्न घेऊन पालक येतात तेव्हा बहुतेक वेळा विषय इतिहासच असतो. या वेळी नववीतल्या एका मुलीचे बाबा आले होते. मुलगी शेजारी मान खाली घालून बसली होती. “मला लिहिताच येत नाही,” एवढंच ती बोलली. एकाग्रता कमी पडते, असं बाबांचं मत. मी उत्तरपत्रिका मागितली. अशा तक्रारीत आधी पेपर वाचावा, हे मला अनुभवाने पटलं आहे.

प्रश्न होता, ‘फ्रेंच राज्यक्रांतीची आर्थिक कारणे स्पष्ट करा.’ तिचं उत्तर १४ जुलै १७८९ ला बॅस्टिलच्या तुरुंगावर झालेल्या हल्ल्यापासून सुरू झालं होतं. मग १७९३ मध्ये सोळाव्या लुईला गिलोटिनवर दिलं, मग समाजात तीन वर्ग होते, आणि अगदी शेवटी ‘राजावर खूप कर्ज झाले होते.’ एकही वाक्य चूक नव्हतं. समासात लाल शाईत ‘मुद्देसूद लिही’ एवढाच शेरा. मुद्देसूद म्हणजे नेमकं काय, हे तिला कुणी करून दाखवलंच नव्हतं. याचं मला फार वाईट वाटतं.

मी पेपर मिटला. “राजाकडे पैसे का नव्हते गं?”

“युद्धांत गेले. अमेरिकेला मदत केली ना, इंग्लंडविरुद्ध. कर्ज काढून.”

“मग कर वाढवायचे.”

“कुणाकडून घेणार? सरदारांना आणि धर्मगुरूंना बरेचसे कर माफच होते. सगळं ओझं तिसऱ्या वर्गावर, म्हणजे सामान्य लोकांवर.”

“त्यांच्याकडून घ्यायचे.”

“अहो, १७८८ ला पीक बुडालं होतं! पाव इतका महागला की लोकांना खायची मारामार.”

“मग?”

“मग राजाला इस्टेट्स जनरल, म्हणजे तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, बोलवावीच लागली. १७८९ च्या मे महिन्यात. त्याआधीची १६१४ ला भरली होती.”

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. उत्तर तयार होतं, तेही ओळीने. बोलताना माझा ‘मग?’ तिला पुढे नेत होता. कागदावर तो विचारायला कुणी नव्हतं.

सुरुवातीला मी तिला मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण आणि प्रश्नाशी जोड असा साचा दिला. तिने तो फॉर्म भरावा तसा भरला, प्रत्येक परिच्छेदात ‘याचा पुरावा म्हणजे’. साचा पहिल्या चार-पाच उत्तरांपुरता ठीक, पुढे तो सोडवावा लागतो. खरा उपयोग झाला तो दोनच सवयींचा. पहिलं वाक्य थेट प्रश्नाचं उत्तर देणारं हवं, आणि प्रत्येक माहितीनंतर स्वतःलाच विचारायचं, ‘म्हणून काय झालं?’

पण अडचण वेगळीच निघाली. बॅस्टिलचं वाक्य खोडताना तिचा पेन थांबला. “हे खरं आहे ना? मग का काढायचं?”

“खरं आहे. पण ते कारण आहे का?”

ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, “मी काही सोडलं तर सरांना वाटेल मला येत नाही.”

हीच ती गाठ. पाठांतरावर शाबासकी मिळालेल्या मुलांना गाळणं म्हणजे विसरणं वाटतं. त्यांना नुसतं मुद्देसूद लिही म्हणून भागत नाही. गाळल्याने मार्क जात नाहीत, हा भरवसा द्यावा लागतो. बाबांना मी एवढंच सांगितलं की ‘म्हणून दाखव’ बंद करा, त्याऐवजी ‘का?’ आणि ‘मग?’ विचारा, आणि उत्तराची वाट बघा.

त्या दिवशी तिचा परिच्छेद असा सुरू झाला: ‘खजिना रिकामा होता आणि तो भरण्याचे ओझे ज्यांच्यावर होते त्यांच्याकडे देण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून फ्रान्समध्ये असंतोष पेटला.’

दीड महिन्याने ती पहिल्या महायुद्धावरचं उत्तर घेऊन आली. देशादेशांतल्या मैत्रीच्या करारांमुळे युद्ध कसं पसरलं, असा प्रश्न. २८ जून १९१४ ला साराजेव्होत झालेल्या ऑस्ट्रियाच्या युवराज फर्डिनांडच्या हत्येला तिने एकच वाक्य दिलं होतं. बाकी सगळा परिच्छेद ऑस्ट्रियामागे जर्मनी आणि सर्बियामागे रशिया कसा उभा राहिला यावर.

“फर्डिनांडच्या बायकोलाही मारलं होतं,” ती म्हणाली. “ते मी गाळलंय.”