वीस गुंठे विकण्याआधी घरातले कागद पाहा

गेल्या आठवड्यात कोरेगाव तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं. त्यांच्या परवानगीने, नावगाव काढून, त्यातला गाभा इथे देते.

"मॅडम, माझ्या मुलीला नीटला ४७१ मार्क पडलेत. बायोलॉजी २९०, केमिस्ट्री ११०, फिजिक्स ७१. पहिलाच प्रयत्न आहे. आम्ही ओबीसी. मिस्टर फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन आता कारखान्यावर वॉचमन आहेत. कुणी म्हणतं यंदा सरकारी लागणार नाही, कुणी म्हणतं आपल्या भागाला ७० टक्के जागा असतात, लागेल. पुण्याचा एक माणूस घरी येऊन गेला. मॅनेजमेंटची सीट पक्की करतो म्हणाला, दोन लाख टोकन मागतोय. कॅनॉलखालची वीस गुंठे जमीन आहे. गिऱ्हाईक तयार आहे, येत्या अमावास्येनंतर इसार घ्यायचा म्हणतात. मिस्टर म्हणतात पोरीसाठी विकू. तुम्ही सांगाल तसं करू."

ताई, नमस्कार.

आधी एकच गोष्ट सांगते, मग बाकीचं. इसार घेऊ नका. टोकनचा एक रुपयाही देऊ नका. प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत जमिनीचा विषय घरात बंद ठेवा. जमीन कधीच विकू नये असं मी म्हणत नाही, लेकरासाठी माणूस काय करत नाही. पण तुमच्या घरात तीन कागद असे आहेत की ते त्या वीस गुंठ्यांपेक्षा जास्त कामाला येतील, आणि पत्रात तुम्ही त्यातल्या एकाचाही नीट उल्लेख केलेला नाही. "मिस्टर फौजेतून रिटायर" हे तर तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय.

तिथूनच सुरू करते. महाराष्ट्राच्या वैद्यकीय प्रवेशात सैनिकांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. महाराष्ट्राचे अधिवासी असलेल्या माजी सैनिकांच्या मुलांचा गट डी-१, सेवेत असलेल्यांच्या मुलांचा डी-२. तुमची मुलगी डी-१ मध्ये येते. आपल्या जिल्ह्यात गावोगाव फौजी आहेत, त्यामुळे या जागांना चुरस कमी नसते. म्हणून सीट हमखास मिळेल असं सांगून मी तुम्हाला उगाच आशा लावणार नाही. पण सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याचे प्रवेश करणाऱ्या सरकारी कक्षाच्या, फॉर्मात त्या रकान्यावर खूणच केली नाही, तर तिचा त्या जागांसाठी विचारही होत नाही. मिस्टरांचं डिस्चार्ज बुक, पेन्शन मंजुरीचा आदेश (पीपीओ) आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र घेऊन साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि वैद्यकीय प्रवेशासाठीचा दाखला मागा. मुलीचं नाव डिस्चार्ज बुकात आणि दहावीच्या मार्कलिस्टवर अगदी तसंच आहे ना, हे जाण्याआधीच पाहा. एका ठिकाणी वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरून हेलपाटे घालणारी माणसं मी दर जूनमध्ये बघते.

दुसरा कागद उत्पन्नाचा आणि तिसरा नॉन-क्रीमीलेयरचा, म्हणजे ओबीसीतलं तुमचं घर उन्नत गटात मोडत नाही असं सांगणारा. त्यांची गोष्ट एकत्र सांगते, कारण तुमच्या पैशाच्या काळजीचं उत्तर तिथेच आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि आर्थिक दुर्बल (ईडब्ल्यूएस) गटातल्या मुलींचं कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन देतं. त्यात वैद्यकीय शिक्षण आलं. शासकीय कॉलेज आलं, आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, मिळालेलं खासगी कॉलेजही आलं. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेली सीट त्यात बसत नाही, खासगी अभिमत विद्यापीठ, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा मिळालेली खासगी संस्था, तीही बसत नाही. आता त्या पुण्याच्या माणसाचं बोलणं पुन्हा आठवा. तो तुम्हाला नेमकी तीच सीट विकतोय जिच्यावर सरकार एक पैसाही देणार नाही.

मॅनेजमेंटची सीटसुद्धा कुणाच्या खिशात नसते, हेही सांगून ठेवते. खासगी कॉलेजातल्या संस्थात्मक कोट्याच्या जागाही नीटच्या गुणवत्तेवर आणि सीईटी सेलच्या प्रक्रियेतूनच भरतात. फी किती, ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ठरलेल्या फीच्या वर पैसे घेण्याला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. "सीट पक्की करतो" म्हणणारा बरेचदा एवढंच करतो: दहा-वीस घरांतून टोकन घेतो, त्यातल्या ज्या दोघांना आपल्या मार्कांवर सीट मिळते त्यांच्याकडून उरलेली रक्कम वसूल करतो, आणि बाकीच्यांना वर्षभर फोनवर झुलवत ठेवतो.

अभिमतचा हिशेब एकदा कागदावर मांडा. कराडचं कृष्णा आणि सांगलीचं भारती विद्यापीठ जवळ आहेत, म्हणून नातेवाईक सारखी तीच नावं घेतात. ही दोन्ही अभिमत विद्यापीठं. त्यांचे प्रवेश सीईटी सेलकडे नसतात, दिल्लीच्या एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय प्रवेश समितीकडे, असतात, आणि नुसत्या नोंदणीलाच २ लाख रुपये परताव्याची अनामत भरावी लागते. फी वर्षाला २० लाख धरली तरी साडेचार वर्षांचे ९० लाख झाले, होस्टेल आणि खानावळ वेगळी. वीस गुंठ्यांतून ते निघणार नाहीत. पहिल्या वर्षाची फी कशीबशी भरली जाईल आणि दुसऱ्या वर्षी तुम्ही सोसायटीच्या, पतसंस्थेच्या दारात उभ्या असाल. अशी घरं मी पाहिली आहेत, म्हणून इतकं स्पष्ट लिहिते.

आता ७० टक्क्यांबद्दल. आपल्या भागाच्या मुलांना ७० टक्के आणि बाहेरच्यांना ३०, हा नियम होता. तो २०२० मध्ये रद्द झाला. आता राज्याच्या जागांसाठी सगळ्या महाराष्ट्राची एकच गुणवत्ता यादी लागते. शासकीय कॉलेजातल्या ८५ टक्के जागा सीईटी सेल भरते, १५ टक्के देशभरासाठी एमसीसी भरते. दोन्हीकडे वेगवेगळी नोंदणी करावी लागते. नीट दिली म्हणजे फॉर्म भरला, असा समज असलेले पालक अजून भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. एमसीसीकडे ओबीसीचं केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, राज्याचं तिथे चालत नाही, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का हेही आधी पाहावं लागतं.

"४७१ ला लागेल का?" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मार्कांवरून देता येत नाही. २०२४ मध्ये पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ ला देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६. पेपर अवघड निघाला की सगळी शिडीच खाली सरकते. म्हणून शेजारच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी किती मार्कांवर सीट मिळाली, हे विसरून जा. सीईटी सेलची यादी लागली की त्यातला तिचा राज्य क्रमांक आणि प्रवर्गातला क्रमांक बघा, आणि गेल्या वर्षी कोणत्या कॉलेजात ओबीसी मुलींची सीट कितव्या क्रमांकावर बंद झाली ते ताडून पाहा. महिलांना ३० टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच, आरक्षण आहे, म्हणून मुलींचा आकडा वेगळा पाहायचा.

पसंतीक्रम भरताना मात्र घाई करू नका. दोन वर्षांपूर्वी माझ्या टेबलासमोर एक मुलगा बसला होता. मनातून त्याला मिरजच हवं होतं. १९६२ पासूनचं कॉलेज, मिरज आणि सांगली अशी दोन मोठी रुग्णालयं, वर्गातल्या सरांनी त्याला तेच सांगितलं होतं. पण घरातल्यांनी नेट कॅफेत बसून भरलेल्या यादीत पहिल्या क्रमांकावर साताऱ्याचं कॉलेज होतं, मिरज नवव्या. का, तर "मिरज काही लागायचं नाही, मग नंबर कशाला वाया घालवायचा." त्याला सातारा मिळालं. त्याच्याच प्रवर्गातल्या, त्याच्या मागे क्रमांक असलेल्या मुलाला मिरज मिळालं. तो मुलगा ती प्रिंट हातात धरून नवव्या ओळीवर बोट ठेवून बसला होता, बराच वेळ काही बोललाच नाही. साताऱ्याचं कॉलेज वाईट नाही. २०२१ पासून चालू आहे, तिथेही चांगले डॉक्टर घडतील. पण त्याच्या मनातलं कॉलेज त्याच्या हक्काचं होतं आणि ते कागदावरच्या क्रमाने गेलं. यादी वरून खाली वाचली जाते. वरचं मागितलं म्हणून खालचं हातचं जात नाही. तेव्हा आधी जे हवं ते, मग जे चालेल ते, मग जे नाइलाजाने घेऊ ते.

आणि फीच्या धास्तीने खासगी कॉलेजं यादीतून गाळू नका. पुण्याचं काशीबाई नवले, तळेगावचं मायमर यांसारखी कॅपमधली खासगी कॉलेजं फीचा आकडा पाहून बरेच पालक खोडून टाकतात. तुमच्या मुलीला तिथे कॅपमधून सीट मिळाली तर शिक्षण शुल्क शासन भरेल, अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करायचा. होस्टेल, मेस, अनामत आणि बाकीची किरकोळ शुल्कं मात्र तुमच्याच अंगावर येतील, त्याची सोय आतापासून बघा. शासकीय सीट मिळाली तर शिक्षण संपल्यावर एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड असतो, तोही लक्षात असू द्या.

सीट मिळून प्रवेश घेतला की कॉलेजात एक स्टेटस रिटेन्शन फॉर्म समोर येतो. तो भरला की "मला हेच कॉलेज ठेवायचं आहे, पुढच्या फेरीत माझा विचार नको" असं तुम्ही लिहून देता. इतर दहा कागदांच्या गठ्ठ्यात न वाचता त्यावर सही करू नका.

नॉन-क्रीमीलेयरची तारीख आजच बघा. पाटण तालुक्यातले एक वडील पिशवीभर कागद घेऊन आले होते, सगळे प्लॅस्टिकच्या पाकिटात, एकावर एक लावलेले. नॉन-क्रीमीलेयर काढलं तर मुदत ३१ मार्चला संपलेली. त्यांच्या अंगठ्याखालीच ती तारीख होती आणि त्यांना दिसत नव्हती. यंदाच्या प्रवेशाला पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं प्रमाणपत्र लागतं. तहसीलला गर्दी होण्याआधी सेतूत अर्ज टाका. त्याच फेरीत वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखलाही काढून घ्या. जात वैधता प्रमाणपत्राबद्दल पत्रात काही नाही. ते नसेल तर सगळं सोडून आधी त्याच्या मागे लागा, कारण नुसत्या जातीच्या दाखल्यावर राखीव जागेचा प्रवेश टिकत नाही. बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करायचा असतो. तेव्हा केला असेल तर पावती शोधा आणि पडताळणी समितीच्या कार्यालयात जाऊन फाइल कुठे अडकलीय ते विचारा.

आता मला खटकलेली गोष्ट. तुमच्या पत्रात तुमचं म्हणणं आहे, मिस्टरांचं आहे, पुण्याच्या माणसाचं आहे. मुलीचं एक वाक्यही नाही. तिला यंदा सीट मिळाली नाही तर पुन्हा बसायचंय का? बायोलॉजीत ३६० पैकी २९० मिळवणारी मुलगी कच्ची नाही. तिचं घोडं फिजिक्सला अडलंय, १८० पैकी ७१. ते संकल्पना न कळल्याने झालं, की गणितं सोडवण्याचा सराव न झाल्याने, की पेपरात वेळ पुरला नाही म्हणून, हे तिलाच माहीत असेल. सराव कमी पडला असेल तर एक वर्ष थांबणं मला पटतं, कारण वाढायला जागा भरपूर आहे आणि प्रयत्नांना मर्यादाही नाही. पण ती मनाने थकली असेल तर तिला पुन्हा त्या खोलीत कोंडू नका. नीटच्याच गुणांवर बीएएमएस आहे, फिजिओथेरपी आहे. जनावरांची आवड असेल तर आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गोठ्यात वाढलेल्या मुलींनी त्या कोर्सकडे वळूनही पाहू नये, याचं मला नेहमी वाईट वाटतं. त्याची प्रवेश प्रक्रिया वेगळी असते, फॉर्म वेगळा भरावा लागतो.

तेव्हा ताई, सोमवारी सैनिक कल्याण कार्यालय आणि वैधतेची चौकशी, मंगळवारी तहसील. दाखल्यांच्या पावत्या हातात आल्या की बुधवारी दुपारनंतर माझ्याकडे या, पसंतीक्रमाची यादी आपण इथे बसूनच करू. मिस्टरांची ड्यूटी असेल तर ते नाही आले तरी चालेल. मुलीला मात्र घेऊन या, आणि येताना एसटीत तिला एकदा विचारा, तिच्या यादीत पहिलं नाव कोणतं आहे.