वाचकांचे प्रश्न : परदेशातून पैसे येतील, पण कोणत्या खात्यात?

प्रश्न : पाणलोटाचं काम करणारी आमची संस्था दोन वर्षांपूर्वी धर्मादाय कार्यालयात नोंदली. जर्मनीतली एक संस्था ३० लाख द्यायला तयार आहे. अध्यक्षांचा अमेरिकेतला भाचाही दोन लाख देतो म्हणतो. संस्थेचं नाशिकच्या बँकेत खातं आहेच. त्यात घेतले तर चालेल ना? – एक सचिव, सिन्नर

उत्तर : जर्मनीचा एक रुपयाही त्या खात्यात घेऊ नका. २०१०चा परदेशी देणग्यांचा कायदा (सगळे त्याला एफसीआरए म्हणतात) आड येतो. भाच्याचं मात्र पासपोर्ट बघून ठरवा. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही, नेहमीच्या खात्यात घ्या. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी कायद्याच्या लेखी तो परदेशी दाता. ‘आपलाच तर पोरगा आहे’ हे परवानगी देणाऱ्या गृह मंत्रालयाला सांगून उपयोग नाही.

पाच वर्षांच्या नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेले हवेत. तुम्ही तिथे बसत नाही. तुमचा मार्ग पूर्वपरवानगीचा : ठरावीक दाता, ठरावीक रक्कम, ठरावीक काम. आधी एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी संकेतस्थळावर नोंद करा. मग स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत परदेशी देणगीचं खातं उघडा. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही, जवळच्या शाखेतून कागद जातात. मग दात्याचं रक्कम आणि हेतू लिहिलेलं हमीपत्र आणि प्रकल्प अहवाल जोडून एफसी-३बी अर्ज ऑनलाइन भरा. मंजुरी आल्यावर दिल्लीच्या खात्यात आलेली रक्कम नाशिकच्या वेगळ्या ‘वापर खात्यात’ वळवता येते. तिथे स्थानिक वर्गणी मिसळू नका. या पैशावरचं व्याजही परदेशी देणगीच धरलं जातं.

अर्ज अडकतात ते बहुधा क्षुल्लक कारणांनी. हमीपत्रात आकडा युरोत, अहवालात रुपयांत, आणि दोन्हींचा मेळ नाही. किंवा संस्थेच्या घटनेत ‘शैक्षणिक कार्य’ एवढंच लिहिलेलं आणि अर्ज पाणलोटाचा. सगळ्यांत जास्त डोकेदुखी चेंज रिपोर्टची. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत तो धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. पुष्कळ संस्था देत नाहीत, किंवा दिलेला वर्षानुवर्षं प्रलंबित राहतो. मग परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर) जुनी नावं आणि अर्जात नवी. आधी उतारा काढून नावं जुळवा, मगच जर्मनीला पत्र लिहा.

प्रश्न : पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी आहे. ती म्हणते, पैसे आमच्याकडे घेऊ आणि तुमच्याकडे वळते करू. – येवला

उत्तर : कायद्यात दुरुस्ती झाली आणि २९ सप्टेंबर २०२० पासून हे बंद आहे. नोंदणीकृत संस्थेलाही परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, ती संस्था नोंदणीकृत असली तरीही. ‘सल्लागार शुल्क’ म्हणून बिल काढू, असं कोणी सुचवलं तर हात जोडून नको म्हणा. त्यात नोंदणी जाण्याची भीती त्यांना आणि चौकशीचा ससेमिरा तुम्हाला. मोठ्या संस्थेने काम स्वतःच्या नावावर, स्वतःची माणसं नेमून तुमच्या गावात केलं, तर ते कायद्यात बसतं. तुमचं नाव फलकावर येणार नाही, चर मात्र खोदले जातील.

तिथल्या हिशेबनीसाचा आणखी एक काच तुम्हाला जाणवेल. परदेशी देणगीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा त्याच दुरुस्तीने ५० वरून २० टक्क्यांवर आली. कार्यालयाचं भाडं, हिशेब, गाडी यांत ती पटकन संपते.

प्रश्न : देणगीदार म्हणतात, पाणलोटाच्या कामात सरकारी खात्यालाही जोडून घ्या. आमच्याकडे ग्रामसभेचा ठराव आहे. खात्याची गरज काय? – नांदगाव

उत्तर : डोंगराचा माथा बहुतेक वेळा वनखात्याचा असतो म्हणून. माथा ते पायथा काम करायचं आणि माथाच सोडायचा, तर खालच्या बांधात दोन पावसांत गाळ भरतो. शिवाय त्याच गटात रोजगार हमीतून चर धरलेले असतील, तर एकाच चराचं बिल दोनदा निघालं असा संशय येतो. आधीच गटनंबरनिहाय यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.

या जोडणीचं आपल्याकडचं जुनं उदाहरण म्हणजे महाराष्ट्रातला इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम. १९९०च्या दशकात जर्मन सरकारचा पैसा केएफडब्ल्यू बँकेतून नाबार्डकडे आला. गावांची तयारी करून घेण्याचं काम फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये स्थापन झालेल्या वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) संस्थेकडे होतं. मोठा निधी येण्याआधी गावाने श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून दाखवायची, पाणलोट समिती ग्रामसभेने नेमायची, हा क्रम होता. क्रम उलटा केला, म्हणजे आधी पैसा आणि मग समिती, की समितीत ठेकेदाराचा मेहुणा बसतो. चराईबंदीची किंमत मात्र शेळ्यावाले आणि भूमिहीन मोजतात. एकदम सगळा डोंगर बंद करू नका. आळीपाळीने भाग बंद ठेवा आणि गवत कापून नेऊ द्या. नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात रात्री शेळ्या सुटतात.

तांत्रिक बाजू खात्याच्या अभियंत्याकडून तपासून घ्याच. सलग समतल चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० खोल असेल, तर एका मीटरला १८० लिटर पाणी मावतं. चरांमध्ये दहा मीटर अंतर ठेवलं तर हेक्टरी हजार मीटर, म्हणजे एका भरण्यात १ लाख ८० हजार लिटर. हे गणित चर खरोखर सपाट असेल तरच खरं. ५० मीटरच्या चरात एका टोकाला १५ सेंटिमीटर उतार राहिला, तर एक टोक अर्धं कोरडं आणि दुसऱ्याकडून पाणी मातीचा भराव फोडून बाहेर. नजरेने रेषा मारू नका. पाणनळी किंवा ए-फ्रेम वापरा. माती उताराच्या बाजूला टाका आणि चराच्या काठापासून वीतभर तरी जागा सोडा, नाहीतर पहिल्या सरीत ती परत चरात. खोदाई नोंदवहीत रोजच्या रोज मोजून लिहा. देणगीदाराचा लेखापरीक्षक आणि आपला अभियंता दोघेही तीच वही मागतात.

करारात एक कलम आवर्जून घाला. परदेशातली वर्षं बहुधा जानेवारी-डिसेंबर, आपलं हिशेबाचं वर्ष एप्रिल-मार्च, आणि मातीकामाचा हंगाम पावसाळा संपल्यापासून मेअखेर. पहिला हप्ता जूनमध्ये आला, तर तो खात्यात पडून राहतो आणि ‘खर्च का नाही?’ असं पत्र येतं. हप्त्याची तारीख सप्टेंबरअखेर मागा. युरोच्या दराचा तोटा कोण सोसणार, हेही त्याच पानावर लिहून घ्या.

प्रश्न : खर्च नसला तरी विवरणपत्र भरायचं का? – एक कोषाध्यक्ष, नाशिक रोड

उत्तर : हो. एफसी-४ हे परदेशी देणगीचं वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत, शून्य रक्कम असली तरीही. पदाधिकारी बदलले तर ४५ दिवसांत गृह मंत्रालयाकडे वेगळा अर्ज.

प्रश्न : पेठ तालुक्यातल्या आमच्या दवाखान्यासाठी एखाद्या दूतावासाकडून मदत मिळू शकते का?

उत्तर : जपान सरकारची तळागाळातल्या प्रकल्पांसाठी अनुदान योजना आहे. महाराष्ट्रासाठी मुंबईतलं त्यांचं वाणिज्य दूतावास कार्यालय ती बघतं. इमारत, उपकरणं अशा वस्तू त्यात बसतात. दूतावासही परदेशी दाताच, म्हणून एफसीआरएची अट इथेही आहे. तीन विक्रेत्यांची दरपत्रकं लागतात. पगार, औषधं, डिझेल यांना पैसे मिळत नाहीत. तेव्हा यंत्र बसल्यावर ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार कुठून येणार, हे अर्जातच आकड्यांनी दाखवा.