बालीतलं लग्न आणि पुण्यातली नोटीस

प्रश्न थोडक्यात असा. वय २७, धर्म हिंदू, घर सांगली जिल्ह्यात, गेली चार वर्षं नोकरीसाठी पुण्यात. मुलगा कॅथलिक, मूळचा वसईचा, तोही पुण्यातच. त्याच्या घरी सगळं माहीत आहे, तुमच्या घरी काहीच नाही. विशेष विवाह कायद्याखालच्या लग्नाची नोटीस सरकारी फलकावर लागली की घरी कळेल, या धास्तीने दोघांनी बालीत, उबुदला जाऊन लग्न करायचं ठरवलं. निघायला ७० दिवस आहेत. पॅकेजचे निम्मे पैसे भरून झालेत, आणि आता एजंट 'आम्हा दोघांचा धर्म एकच आहे' अशा घोषणापत्रावर सही मागतोय. सही करावी का?

करू नका. आणि पैसे भरण्याआधी हा प्रश्न का विचारला नाहीत? अशी पत्रं सारखी येतात. देश बदलतो, पॅकेजचा रंग बदलतो, पण नोटीस चुकवायला परदेश गाठायचा हा हिशेब तोच असतो. तुम्ही सज्ञान आहात आणि लग्न तुमच्या मर्जीचं आहे, हे मी पुन्हा लिहीत बसत नाही.

सगळं अडतं ते एका कलमावर. इंडोनेशियाच्या १९७४ च्या विवाह कायद्याचं कलम २, पोटकलम १ सांगतं की लग्न ज्याच्या-त्याच्या धर्माच्या नियमांनुसार झालं तरच ते वैध. आपल्या विशेष विवाह कायद्यासारखी, धर्म बाजूला ठेवून लग्न करण्याची सोय तिथे नाही. आधी धार्मिक विधी, मग सरकारी नोंद. त्यात २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परिपत्रक काढून खालच्या न्यायालयांना बजावलं की भिन्नधर्मीयांच्या विवाहनोंदणीला परवानगी देऊ नका. म्हणून एजंटला ते घोषणापत्र हवंय. त्याशिवाय त्याच्या पॅकेजमधला 'लीगल' हा शब्द टिकत नाही.

घोषणापत्र खोटं असेल, तर परक्या सरकारपुढे खोटं लिहून दिलेल्या कागदावर तुमचं लग्न उभं राहील. उद्या वारसा, घटस्फोट किंवा जोडीदाराचा व्हिसा यांपैकी काहीही निघालं, की समोरच्या वकिलाला तेवढा एक कागद पुरेल. घोषणापत्र खरं करायचं, तर दोघांपैकी एकाला धर्म बदलावा लागेल. त्याने हिंदू व्हायचं तर बालीत 'सुद्धी वदनी' नावाचा रीतसर विधी आहे. तुम्ही ख्रिस्ती झालात, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २६ आड येतं: धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना तुमच्या हिंदू नातेवाइकांकडून वारसा मिळत नाही. धर्म मनापासून बदलायचा असेल तर तो तुमचा प्रश्न. विमानाची तारीख गाठण्यासाठी बदलू नका. काही कॅथलिक चर्च विशेष परवानगीने भिन्नधर्मीय लग्न लावतात, पण तिथलं नोंदणी कार्यालय ते मान्य करेलच, यावर मी तरी विसंबणार नाही.

आपल्या वकिलातीत विदेशी विवाह कायदा, १९६९ खाली लग्न करता येईल, असंही कोणीतरी तुम्हाला सुचवलंय. बालीत भारताचं वाणिज्य दूतावास आहे हे खरं. पण कलम ५ प्रमाणे नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाचं तिथे सलग ३० दिवस वास्तव्य हवं. त्यानंतर हरकतींसाठी आणखी ३० दिवस. विमानतळावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा, एकदाच वाढून ६० दिवसांचा होतो, म्हणजे मुदत आधीच संपते. शिवाय कलम ७ नुसार ती नोटीस भारतातही प्रसिद्ध होते. जिच्यापासून पळताय तीच दारात येणार.

तेव्हा कायद्याचं लग्न पुण्यात, विशेष विवाह कायद्याखाली, आणि सोहळा बालीत.

आता दिवस मोजा. नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस हरकतीचे. हरकत आलीच, तर ती निकाली काढायला विवाह अधिकाऱ्याला कलम ८ खाली जास्तीत जास्त आणखी ३० दिवस. हे ६० झाले. नोटीस या आठवड्यात दिलीत तर तुमच्या हातात ६३ दिवस राहतात. पंधरवडा 'बघू, बोलू' करण्यात घालवलात, तर एक हरकत सगळं वेळापत्रक मोडू शकते. हरकत मान्य झाली तर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं, पण तिथे किती महिने जातील ते कुठलाही प्रामाणिक वकील सांगणार नाही. दोन सज्ञान माणसांना लग्नासाठी असं ताटकळत ठेवणं मला पटत नाही, पण आज कायदा हाच आहे. दुसऱ्या टोकाला, नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर कलम १४ प्रमाणे ती रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

घरी कळण्याचा खरा धोका आहे कलम ६(३) मध्ये. दोघांपैकी ज्याचं कायमचं वास्तव्य त्या जिल्ह्यात नाही, त्याच्या कायमच्या जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटिशीची प्रत जाते आणि तिथल्या फलकावर लागते. चार वर्षं पुण्यात राहूनही तुमच्या आधारवर गावचा पत्ता आहे, आणि 'घरमालक नको म्हणाले' म्हणून भाडेकरार नोंदवलेला नाही. हा निष्काळजीपणा आता महाग पडतोय. अकरा महिन्यांचा करार असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून देण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. अधिकारक्षेत्रासाठी दोघांपैकी एकाचं जिल्ह्यातलं ३० दिवसांचं वास्तव्य पुरतं. मुलाचा करार नोंदवलेला आहे, तेव्हा ती अडचण नाही. पण तुमचं कायमचं वास्तव्य कुठलं, हे अधिकारी तुमच्या कागदांवरून ठरवणार. पुण्यातल्या वास्तव्याचे खरे पुरावे सोबत न्या: नेमणुकीचं पत्र, बँकेचा पत्ता, आता नोंदवून घेतलेला करार. प्रत सांगलीला जाणारच नाही अशी हमी कोणी पैसे घेऊन देत असेल, तर पैसे देऊ नका.

आणि प्रत गेली तरी काय होईल? हरकत फक्त कलम ४ च्या अटींवर घेता येते: आधीचा जोडीदार हयात असणं, मानसिक अक्षमता, वय, निषिद्ध नातं. 'आम्हाला मुलगा पसंत नाही' ही हरकत ठरत नाही. खोडसाळपणे घेतली असेल तर हरकत घेणाऱ्याला १,००० रुपयांपर्यंत भुर्दंड पडू शकतो. रक्कम क्षुल्लक आहे, पण कायद्यात आहे.

जिवाची भीती असेल तर गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्तिवाहिनी प्रकरणात अशा जोडप्यांसाठी जिल्हानिहाय विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याचे निर्देश दिलेत. नोटीस देण्याआधीच पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात दोघांच्या सहीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. घरून बेपत्ता झाल्याची तक्रार झाली, तर तो अर्ज आणि 'मी सज्ञान असून स्वखुशीने आले आहे' हा तुमचा जबाब, या दोन गोष्टी उपयोगी पडतात.

लग्नाच्या दिवशी टेबलापलीकडे अधिकारी, अलीकडे तुम्ही दोघं आणि तीन साक्षीदार. एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं वाक्य दोघांनीही अधिकाऱ्यासमोर मोठ्याने म्हणायचं असतं. ते म्हटल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. एक परिणाम माहीत असू द्या. भिन्नधर्मीयाशी या कायद्याखाली लग्न झालं की कलम १९ प्रमाणे तुम्ही एकत्र कुटुंबापासून विभक्त मानल्या जाता. याचा अर्थ हिस्सा बुडतो असा नाही. शेतजमिनीचं मात्र सातबारा आणि फेरफार पाहिल्याशिवाय मी काही सांगणार नाही.

दाखला घेऊनच विमानात बसा, यालाही कारण आहे. इंडोनेशियाचा नवा दंडसंहितेचा कायदा २ जानेवारी २०२६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४११ आणि ४१२ मध्ये विवाहबाह्य संबंध आणि लग्नाशिवाय एकत्र राहणं हे गुन्हे आहेत, आणि अविवाहितांच्या बाबतीत तक्रार करण्याचा हक्क आहे आई-वडील किंवा मुलांना. पर्यटकावर अशी कारवाई होण्याची शक्यता कमी वाटते, पण तुमच्या प्रकरणात तक्रार करू शकणारी नेमकी माणसंच नाराज होण्याची भीती आहे. दाखल्याची प्रमाणित प्रत सोबत असली की तो मुद्दाच उरत नाही.

मग बालीत काय करायचं? पेमांग्कूंकडून, म्हणजे देवळाच्या पुजाऱ्यांकडून, आशीर्वादाचा छोटा विधी, देवळाच्या आतल्या पवित्र भागाबाहेर. बालीतला पूर्ण हिंदू विवाह माणसं, देव आणि भूतगण अशा तिघांच्या साक्षीने होतो. फोटोंसाठी त्याची नक्कल मागू नका. कमरेला कामेन, म्हणजे लुंगीसारखं गुंडाळायचं वस्त्र, आणि वर पट्टा हवा. पाळीच्या दिवसांत देवळात जात नाहीत, आणि घरात मृत्यू झाला असेल तर 'चुंताका' पाळतात. आपल्याकडचं सुतकच ते, म्हणून एजंटने विचारलं तर खरं सांगा. पुजारी बसलेले असताना त्यांच्याहून उंचावर उभं राहू नका, ड्रोन नको, वाटेवर ठेवलेल्या चनांग सारीवर, म्हणजे फुलांच्या छोट्या नैवेद्यावर, पाय पडू देऊ नका. पळून जाऊन लग्न करणं तिथल्यांनाही नवीन नाही. त्याला 'न्गेरोरोद' म्हणतात. पण त्या रीतीत मुलाकडची माणसं मुलीच्या घरी जाऊन निरोप पोचवतात, तिला बेपत्ता ठेवत नाहीत. त्याच्या घरच्यांना माहीत आहे, तेव्हा पुण्यातलं लग्न झाल्यावर दाखल्याची प्रत घेऊन सांगलीला कोणी जायचं, हे आत्ताच ठरवा.

एजंटला आजच ईमेल करा: घोषणापत्रावर सही करणार नाही, विधी फक्त आशीर्वादाचा हवा, पॅकेजमधून नोंदणीचा भाग वगळून त्याचे पैसे परत करावेत किंवा उरलेल्या रकमेत वळते करावेत, आणि तारीख एकदा पुढे ढकलता येईल का ते लेखी कळवावं. उत्तर फोनवर आलं तर ते ग्राह्य धरू नका. उरलेले निम्मे पैसे विवाह अधिकाऱ्याकडून नोटिशीची पोच हातात पडेपर्यंत भरू नका.