दम्याच्या सोयींची पाहणी

प्रश्न : पुण्यातील आमच्या प्रभागात दम्याच्या रुग्णांसाठी कोणत्या सोयी आहेत, याची पाहणी आमचे महिला मंडळ करीत आहे. दवाखान्यांची यादी तयार आहे. आता पुढे काय पाहावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : यादीवरून दवाखाना कोठे आहे एवढेच कळते, तेथे रुग्णाची वर्षभर देखरेख होते की धाप लागल्यावर नेब्युलायझर देऊन त्याला घरी पाठवले जाते, हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून महापालिकेच्या दवाखान्यात प्रथम असे विचारावे की, श्वासनलिकेची सूज कमी करणारा बुडेसोनाईडसारखा स्टिरॉइड इनहेलर नियमित मिळतो, की तात्पुरता आराम देणारे साल्ब्युटामॉलच मिळते. केवळ साल्ब्युटामॉलवर उपचार करू नयेत, असे ‘जिना’ (ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा) या दम्यावरील जागतिक संस्थेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१९पासून सांगत आहेत, त्यामुळे मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन्ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने विचारताना संकोच नको.

स्पायरोमेट्रीची, म्हणजे यंत्रात फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजण्याच्या तपासणीची, सोय कोठे आहे आणि ती कोणत्या वारी होते, हेही नोंदवावे. इनहेलर वापरण्याची रीत रुग्णाला कोणी करून दाखवते का, लहान मुलांना स्पेसर (औषध नीट ओढता यावे म्हणून इनहेलरला जोडायची पोकळ नळी) मिळतो का, हे मात्र डॉक्टरांपेक्षा रुग्णांच्या घरच्यांनाच विचारलेले बरे. ‘इनहेलरची सवय लागते’ या गैरसमजापायी औषध मध्येच सोडणारेही तेथेच भेटतील (आणि ते थोडे नसतील). शाळांमध्ये मुलाला स्वतःचा इनहेलर जवळ ठेवू देतात का, एवढे जरूर पाहावे. रुग्णांची नावे अहवालात घालू नयेत.