पाइप ऑर्गनचं संगीत मला सगळं सारखंच गडगडाटी वाटतं. लोकांना त्यात एवढं काय आवडतं? सुरुवात कुठून करावी?

बहुधा तुम्ही बाख या जर्मन संगीतकाराच्या गडगडाटी डी मायनर 'टोकाटा अँड फ्यूग'पासूनच सुरुवात केली असणार. ते तूर्त बाजूला ठेवा आणि बाखचेच सहा ट्रायो सोनाटा ऐका. उजव्या हाताची एक ओळ, डाव्याची दुसरी, पायांनी वाजवायची तिसरी. एकच वादक तीन स्वतंत्र धागे चालवतो आणि गडगडाट कुठेच नाही. (वाजवणाऱ्याचा घाम निघतो, ती गोष्ट वेगळी.)

नळ्यांतून हवा सोडून वाजणाऱ्या या वाद्याचा न तुटणारा श्वास मला आवडतो. पियानोचा स्वर वाजताक्षणी विरू लागतो. ऑर्गनचा स्वर पट्टी दाबून ठेवाल तोवर तसाच उभा राहतो. आवाज किती मोठा, कसल्या रंगाचा, हे बोटांच्या जोरावर नाही, तर कुठल्या नळ्या उघडल्यात यावर ठरतं. 32 फुटी नळीचा खोल स्वर सेकंदाला सुमारे 16 कंपनांचा. तो कानापेक्षा छातीतच जास्त जाणवतो, मोबाइलच्या स्पीकरवर तर येतच नाही. त्यामुळे जमेल तेव्हा प्रत्यक्ष ऐका.

पुढे बाखचा सी मायनर पासाकाल्या घ्या: आठ मात्राखंडांची एक धून, तिच्यावर 20 रूपं, शेवटी फ्यूग, म्हणजे एकच धून वेगवेगळ्या ओळी एकामागून एक उचलतात अशी रचना. मग फ्रेंच संगीतकार. विदोरच्या ऑर्गनसाठीच्या पाचव्या सिंफनीतला टोकाटा (बोटांची चपळाई दाखवणारी रचना) सगळेच सुचवतील. मला मात्र सेझार फ्रांकचे तीन कोराल (ऑर्गनसाठीच्याच रचना) अधिक जवळचे, 1890 मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूच्याच वर्षी लिहिलेले.